बाबांच्या घासांचं शुद्धिपत्र

मंगळवार, सकाळी

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा पुरता टेकत नसल्यामुळे सध्या साडेसात अंगांचाच धरावा. गुडघ्याचं कारण पुढे येईल.) तुझी ॲसिडिटी आणि भाऊजींची पाठ आता बरी असेल अशी आशा करतो. खात्रीने लिहिलं असतं, पण गेल्या वेळी फोनवर तू या दोन्हींबद्दल काही बोलली नाहीस, जे बोललीस ते माझ्याबद्दल होतं. इकडे आम्ही सर्व ठीक आहोत. हे वाक्य मी लिहिलं, खोडलं आणि पुन्हा लिहिलं, कारण ते शुक्रवारपर्यंत खरं होतं आणि शनिवारी दुपारी पावणेपाचला खोटं झालं. झालं म्हणजे मीच केलं.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि या प्रकरणातली वाक्यं लांब आहेत. तू येत्या रविवारी बाबांना कायमचं तुझ्याकडे न्यायला येते आहेस. तुझं जायचं-यायचं आणि बाबांचं नुसतं जायचं तिकीट काढून झालंय. "तुझ्याकडे माणूस दोन घासांवर जगतोय आणि तू बसून त्याच्या नोंदी ठेवतोयस," असं तू म्हणालीस. वाक्य कडक होतं, पण चूक नव्हतं, मी ते डायरीत जसंच्या तसं उतरवून ठेवलं आहे. अडचण एवढीच, की ज्या नोंदींवरून तू हा निर्णय घेतलास त्या सात आठवडे चुकीच्या होत्या. तुला माझा धंदा माहीत आहे. औषधांच्या खोक्यात जे घड्या घातलेलं पत्रक असतं, त्याची मुद्रितं तपासायची. एकोणीस वर्षं झाली. 'जेवणानंतर'च्या जागी 'जेवणापूर्वी' छापलं गेलं तर कारखाना सगळा माल बाजारातून परत बोलावतो. या पत्राने मीही माझा माल परत बोलावतो आहे.

आई गेल्याला चौदा महिने झाले. तेव्हापासून बाबांचं जेवण कमी होत गेलं हे तुला माहीतच आहे. दुपारी मी ऑफिसात, ही शाळेच्या प्रयोगशाळेत, त्यामुळे दुपारचा डबा झाकून ठेवायचा आणि संध्याकाळी तसाच उघडायचा. रात्रीचे घास मी मोजायचो. (घास म्हणजे नक्की केवढा, हा प्रश्न मला पहिल्याच आठवड्यात पडला. बाबांचा घास आता सुपारीएवढा असतो, माझा लिंबाएवढा. शेवटी तोंडात गेला तो एक, असं ठरवलं.) दोन, दोन, तीन, एक, दोन, असे ते आकडे मी तुला दर रविवारी कळवत आलो. दर रविवारी मी त्यांचं वजनही करतो. ते आकडे मात्र अलीकडे तुला कळवले नाहीत. कारण सात आठवड्यांपूर्वी काटा बिघडला. घास दोनच, आणि वजन वाढतंय. आधी पाचशे ग्रॅम, मग आणखी आठशे. मी काट्याचे सेल बदलले. मग स्वतः उभा राहून बघितलं, माझं वजन नेहमीइतकंच नको तेवढं भरलं. मग तांदळाची पाच किलोची पिशवी ठेवली, ती चार किलो नऊशे भरली, म्हणून काट्यावर शंका घेतली आणि वाण्याकडेही गेलो. वाण्याने त्याच्या काट्यावर मोजून दाखवली, तिथेही चार किलो नऊशे. तेव्हा काटा बरोबर ठरला आणि वाणी माझ्याशी बोलेनासा झाला. एवढं सिद्ध झाल्यावर कुठल्याही शहाण्या माणसाने बाबांकडे बघितलं असतं. मी बाबांना खिसे रिकामे करून पुन्हा उभं राहायला सांगितलं.

खिशात रुमाल, चष्म्याचं घर आणि एक गडद हिरवं, चकचकीत पान निघालं. लिंबासारखा वास, पण आपल्या लिंबाचा नव्हे. मी विचारलं, हे काय? बाबा म्हणाले, "खूण. पुस्तकात ठेवायला." ते रोज दुपारी तीन ते पाच वाचनालयात जातात अशी माझी समजूत होती, त्यामुळे उत्तर पटलं. ही त्या वेळी खिडकीबाहेर बघत होती. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी आहे, बघण्यासारखं काही नाही. 'ही खिडकीबाहेर बघत होती' असं मी डायरीत लिहिलंही. का बघत होती ते विचारायचं सुचलं नाही.

आता हॉटेलबद्दल. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं ते तुला आठवत असेल, माझ्या लग्नाचा कोट त्यांनी एक बटण कमी करून परत दिला होता. त्या जागी आठ महिन्यांपूर्वी थाई जेवणाचं हॉटेल निघालं. ते चालवते दुसऱ्या मजल्यावरची बाई. ती आधी इमारतींचे नकाशे काढायची, म्हणून सगळे तिला नकाशेबाई म्हणतात. नकाशे सोडून ती सहा वर्षं एका थाई म्हातारीच्या स्वयंपाकघरात राबली आणि परत येऊन तिने हे काढलं. तिच्याकडे कल्पना पुष्कळ आहेत. इतक्या, की दोनचार कमी असत्या तर बरं झालं असतं. जुन्या दुकानातलं काही तिने टाकलं नाही. टेबलं म्हणजे इस्त्रीची टेबलं, त्यामुळे कडेला कोपर टेकलं की ताट आपल्याकडे यायला निघतं. छताला कपडे टांगायची फिरती साखळी अजून आहे, तिच्यावर हँगर, हँगरला चिमट्याने लावलेला मेनू. आपण बसलो की ती आतून बटण दाबते आणि मेनू करकरत आपल्या डोक्यावर येऊन थांबतो. आमच्या डोक्यावर तो थांबला नाही. दोनदा पुढे गेला. तिसऱ्यांदा मी उभा राहून पकडला, तेव्हा हँगर माझ्या चष्म्यात अडकला आणि चष्मा मेनूबरोबर पुढच्या टेबलापर्यंत गेला. तिथल्या गृहस्थांनी चष्मा परत केला, मेनू ठेवून घेतला.

आम्ही गेलो होतो हिच्या वाढदिवसाला, गेल्या शुक्रवारी. संध्याकाळी साडेसात वाजता. बाबांना चला म्हटलं तर ते म्हणाले, "तुम्ही जा. मला या वयात असलं काही झेपायचं नाही." हे त्यांनी सरळ चेहऱ्याने म्हटलं. माझ्याने आयुष्यात एकदाही असं म्हणवलं नसतं.

मेनूत पदार्थांची नावं होती, म्हणजे नावं होती, पदार्थ कळत नव्हते. 'गच्चीवर वाळत घातलेली दुपार.' 'दोन मजल्यांमधला जिना.' 'पाहुणे गेल्यानंतर.' खाली बारीक अक्षरांत काय काय घातलंय ते असेल म्हणून मी भिंग काढलं (कामाचं भिंग खिशात असतंच). बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'विश्वास ठेवा.' माझ्या धंद्यात बारीक अक्षरांत असलं काही लिहीत नाहीत. शिवाय प्रत्येकाने एक पावती भरून द्यायची, जुन्या दुकानात कपडे टाकताना भरायचो तशी. तिखट किती? तर 'नाजूक', 'रोजच्या वापरातलं' आणि 'हट्टी डाग', यांतल्या एकापुढे खूण करायची. हिने क्षणाचाही विचार न करता 'हट्टी डाग'वर खूण केली. मी विचार केला. 'नाजूक' म्हणावं तर चारचौघांत तसं जाहीर करण्याची काय गरज. 'रोजच्या वापरातलं' म्हणावं तर मी रोज खातो ते तिखट की त्यांच्याकडे रोज खातात ते, हे स्पष्ट नाही. शेवटी दोन्हींच्या मधल्या रेघेवर खूण केली आणि बाण काढून कारण लिहिलं.

त्याखाली शेवटचा प्रश्न होता, 'आज काय नको?' हिने लिहिलं, 'काही नाही.' मला ते उत्तर बेजबाबदार वाटलं. मी नीट लिहिलं. शेंगदाणे (नवव्या वर्षी एकदा ओठ सुजला होता, पण त्याच दिवशी मुंगीही चावली होती, निष्कर्ष निघालेला नाही). नारळाचं दूध (कोलेस्टेरॉल काठावर). फार आंबट (डावी दाढ). माशांपासून केलेला सॉस (तत्त्वतः हरकत नाही, परिचय नाही). कच्ची पपई, कच्चा कांदा, कच्चं काहीही (डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं, प्रवासाच्या संदर्भात). पावती भरली तेव्हा मागच्या बाजूवर गेलो, आणि मग दुसरी पावती मागून घेतली. प्रत्येक बाबीपुढे मला कितपत खात्री आहे तेही कंसात लिहिलं, कारण स्वयंपाक करणाऱ्यावर अन्याय होऊ नये.

हिचं ताट आलं ते अक्षरशः घराच्या नकाशासारखं. मधल्या चौकात हिरवी करी, एका खोलीत कच्च्या पपईची कोशिंबीर, एका खोलीत तांबूस कोळंबी, आणि कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवायला एक लाल मिरची. वास असा, की पलीकडचे मेनूवाले गृहस्थसुद्धा वळून बघायला लागले. माझ्यापुढे एक पांढरा वाडगा आला. त्यात पांढरा भात. भातावर एक गडद हिरवं, चकचकीत पान. वाडग्याखाली चिठ्ठी होती, पदार्थाचं नाव लिहिलेली. 'रिकामा प्लॉट.'

नकाशेबाई स्वतः उभी होती. मी म्हटलं, "हे काय?"

"तुम्ही लिहिलंत ते सगळं वगळून एवढंच उरलं. पान खाऊ नका, ते वासापुरतं आहे."

"पानाबद्दल मी काही लिहिलं नव्हतं."

"म्हणून तर ते ठेवता आलं."

मी भात खाल्ला. चांगला होता. (प्रामाणिकपणे सांगायचं तर फार चांगला होता, आणि त्याचाच जास्त वैताग आला.) ही समोर डोळ्यांतून पाणी काढत हट्टी डाग खात होती, आणि मला करायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी वाडग्याशेजारची पुडी हातात घेतली. प्रत्येक ताटाबरोबर भाजलेल्या शेंगदाण्यांच्या कुटाची एक कागदी पुडी येते. माझी रिकामी होती, शेंगदाणे मी नाकारले होते ना. पण घडी पूर्ण होती. ताई, लांब कडा एकमेकींत दोनदा दुमडलेल्या, टोकं एकात एक खोचलेली, आणि एका कोपऱ्याला बाहेर काढलेला छोटा कान, तापाने हात थरथरणाऱ्या माणसाला एका हाताने ओढून उघडता यावी म्हणून. अशी पुडी जगात एकच कंपाउंडर बांधायचा, आपले बाबा. आपल्या शाळेच्या डब्यातलं मीठ याच पुडीतून यायचं. पाच मिनिटं मी ती पुडी उघडत होतो आणि पुन्हा घालत होतो. मला अजूनही तशी घालता येत नाही.

मी हिच्याकडे बघितलं. ही भात कालवण्यात फार गुंतलेली होती.

"कधीपासून?"

"सात आठवडे."

"आणि तुला माहीत होतं."

"अहो, बाबांचं वजन वाढतंय हे दिसत होतं मला. तुम्ही काट्याच्या मागे लागला होतात."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तिथे वही घेऊन बसला असता," असं म्हणून तिने माझ्या वाडग्यातला थोडा भात आपल्या करीत घेतला, विचारल्याशिवाय.

शनिवारी माझा अर्धा दिवस असतो. चार वाजता मी हॉटेलच्या मागच्या दाराने आत गेलो. बाबा बुटक्या स्टुलावर बसले होते. अंगात प्लास्टिकचा एप्रन, डोक्याला रुमाल, दोन पायांमध्ये घडी घातलेल्या पोत्यावर दगडाचा मोठा खल. त्यात आधी धने-मिरी, मग मीठ आणि हिरव्या मिरच्या, मग गवती चहाचे तुकडे, मग आल्याच्या नात्यातला कुठला तरी कंद. कोरडं आधी, ओलं मागून, दवाखान्यातलाच नियम. बत्ता ते ठोकत नव्हते, खलाच्या भिंतीला लावून फिरवत होते, आणि नकाशेबाई शेजारी वाटी घेऊन अशी उभी होती, जशी माणसं औषधाच्या खिडकीपाशी बाटली घेऊन उभी राहायची.

"काका, झालं का? सहाला गिऱ्हाइकं येतात."

"येऊ देत. अर्धवट घोटलेलं मी कधी खिडकीबाहेर दिलेलं नाही."

मग त्यांनी बोटावर थोडं घेऊन चाखलं, मान हलवली, आणखी दोन पानं टाकली, पुन्हा फिरवलं. तिने तेवढ्यात त्याचीच थोडी करी करून भातावर घालून समोर ठेवली. तपासणीसाठी, असं ती म्हणते. बाबा बोलत बोलत ती सगळी जेवले. "मीठ थोडं पुढे गेलंय. उद्या चिमूटभर कमी." एकवीस घास, ताई. लिंबाएवढे. (मोजायला नको होते, हे मला कळतं.) मग वाडगा बाजूला सारून, खिडकीतून औषधाची बाटली सरकवताना म्हणायचे त्याच आवाजात म्हणाले, "द्या गिऱ्हाइकांना."

इथे मी मागच्या पावली परत फिरलो असतो तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण मला बरं वाटल्यावर मी काळजी करायला लागतो, हा माझा जुना दोष आहे. मी पुढे होऊन म्हटलं, "बाबा, तुमचं वय अठ्ठ्याहत्तर आहे."

ते म्हणाले, "तू लवकर सुटलास आज?"

मी म्हटलं, एवढा जड खल, या वयात, पाठीचं काय, मनगटाचं काय. ते म्हणाले, "खल उचलायचा नसतो रे, घोटायचा असतो." मी म्हटलं, किती जड आहे याची तुम्हाला कल्पना नाही, आणि ती कल्पना यावी म्हणून मी तो उचलला. छातीपर्यंत आला. तिथून तो माझ्या उजव्या गुडघ्यावर आला आणि गुडघ्यावरून फरशीवर. फरशीला तडा गेला, खलाचे दोन तुकडे झाले, बत्ता फ्रीजखाली गेला, आणि हिरवा मसाला माझ्या पँटवर आला. तो अजून तिथेच आहे. ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं तिथे उभा राहून मी डाग कुठे नेऊ, असा विचार करत होतो, हे लिहायला मला लाज वाटते, पण मनात तोच विचार आला होता.

बाबांनी खाली बसून दोन्ही तुकडे एकमेकांना जुळवून बघितले, रुमाल सोडला, हात धुतले आणि जिना चढून वर गेले.

शनिवारी रात्री शून्य घास. रविवारी दोन. काल एक, "तो तुझ्या वहीसाठी" असं सांगून घेतलेला. रविवारी नकाशेबाईने मिक्सरवर मसाला वाटून करीचा वाडगा वर पाठवला. बाबांनी वास घेतला आणि झाकण घातलं. "मिक्सरने मसाला तापतो. याची जबाबदारी मी घेणार नाही." ज्याची जबाबदारी घेत नाहीत ते खातही नाहीत. मग मी या गुडघ्याने चार दुकानं फिरून सगळ्यांत मोठा नवा खल आणला, रिक्षातून उतरवून दोन पायऱ्या चढवला. बाबांनी आतून अंगठा फिरवला आणि मला दाखवला. अंगठा करडा झाला होता. "नवा दगड सहा महिने रेती सोडतो. ती गिऱ्हाइकाच्या दाताखाली जायची आहे का?" तो खल सध्या हॉटेलच्या मागच्या दाराला अडसर म्हणून आहे, आणि त्या कामाचा मात्र उत्तम आहे.

काल संध्याकाळी मी नकाशेबाईची माफी मागायला गेलो. (तिसऱ्यांदा. पहिल्या दोन माफ्यांत मी फरशीचा उल्लेख विसरलो होतो.) तिला विचारलं, तुम्ही त्यांना खायला कसं लावलंत? आम्ही दोघांनी चौदा महिने काय काय केलं. मऊ केलं, गरम केलं, रागावलो, ताटाशी बसून राहिलो. ती म्हणाली, "मी कुठे लावलं? मी आत मसाला ठोकत होते. ते दारावरून चालले होते, आवाज ऐकून आत आले आणि म्हणाले, 'अगं, ठोकतेस काय अशी?' मी बोटभर त्यांच्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, 'काका, बघा बरं, बरोबर आहे का?' एवढंच."

ताई, आई रोज काय करायची आठवतंय का? आमटीचा डाव उलटा करून बाबांच्या तळहातावर थेंब टाकायची आणि म्हणायची, "बघा बरं, मीठ बरोबर आहे का?" मीठ नेहमी बरोबरच असायचं. चाळीस वर्षं तिने विचारलं आणि चाळीस वर्षं त्यांनी क्षणभर विचार करून "हं, बरोबर" असं सांगितलं, आणि मग ते जेवायला बसायचे. मी काल रात्री चौदा महिन्यांच्या डायऱ्या चाळल्या. 'बाबांना जेवा म्हटलं', 'बाबांना पुन्हा जेवा म्हटलं', 'बाबांना जरा रागावून जेवा म्हटलं.' विचारल्याची नोंद एकही सापडली नाही. तूही फोनवर त्यांना खा खाच म्हणतेस, पण हे मी आरोप म्हणून लिहीत नाही. म्हणजे थोडं म्हणून लिहितो.

असो. मी फक्त नोंदी दुरुस्त केल्या आहेत. सात आठवडे बाबा रोज जेवत होते, तुझ्याकडे आलेले आकडे अपुरे होते, आणि आता ते जेवत नाहीत ते केवळ माझ्यामुळे. त्यांना न्यायचं की नाही हा निर्णय सर्वस्वी तुझा आहे. त्यात माझं मत मी घालणार नाही. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा
(तुझ्या भाषेत शंकासुर)

ता. क. तुझ्या बाल्कनीत डाव्या कोपऱ्यात मनीप्लांट आहे. तो ज्यात लावला आहे ती कुंडी नाही, बाबांचा दवाखान्यातला काळा खल आहे. दवाखाना बंद झाला तेव्हा डॉक्टरांनी तो बाबांना दिला होता आणि तू आठवण म्हणून नेलास. त्याची सगळी रेती आपल्या लहानपणीच संपलेली आहे. रविवारी येताना तो घेऊन ये. साबण लावू नकोस, दगडात वास राहतो (बाबांचं म्हणणं), मूठभर कोरडे तांदूळ घोटून टाक. बत्ता भाऊजींच्या खिळे ठोकायच्या डब्यात आहे, गेल्या वेळी मी बघितला होता आणि वाईट वाटूनही बोललो नव्हतो. मनीप्लांट बाटलीतल्या पाण्यातही जगतो, मी चौकशी केली आहे. चाकांच्या बॅगेत घाल, आणि काही झालं तरी उचलून दाखवू नकोस.

आ. ता. क. बाबांचं तिकीट रद्द कर. मत घालणार नाही असं वर लिहिलं आहे ते खोडायला हवं, पण खाडाखोड वाढली की पत्र फसवं वाटतं, म्हणून इथे लिहितो. बाबांना इथेच राहू दे. आणि रविवारी आल्यावर त्यांना जेवा म्हणू नकोस. काहीतरी हातावर ठेव आणि विचार. आपण सगळे खालीच जेवू. माझी पावती मी आतापासून लिहून ठेवली आहे, 'आज काय नको?' पुढे एकच बाब आहे, 'वही', आणि तिला कंस नाही.

आणखी एक. पत्र पाकिटात घालण्याआधी बाबांना वाचून दाखवलं, कारण त्यांच्याबद्दल त्यांच्या मागे लिहिणं मला बरोबर वाटेना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की एक चूक आहे. वाचनालयात जातो असं ते कधीच म्हणाले नव्हते. घोटायला लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मी सुट्टी असल्यामुळे घरीच होतो, तेव्हा त्यांनी मला दारातून सांगितलं होतं, "मी खाली मसाला घोटायला जातो रे, येतोस का?" मी त्यांना सांगितलं की असं काही असतं तर माझ्याकडे नोंद असती. मग डायरी काढली. त्या तारखेला माझ्याच अक्षरात आहे: 'तीन वाजता बाबा दारातून काहीतरी म्हणाले. मी हं म्हटलं. दुपारभर मागच्या महिन्याच्या घासांची बेरीज केली.'